सव्वाआठचा वणवा

धाकू मयेकराला आगीतलं सगळं कळत होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तो स्वतः भेटेल त्याला आधी तेच सांगायचा.

अकरा वर्षं तो विलायतेला जाणाऱ्या आगबोटीच्या पोटात आगवाला होता. आगवाला म्हणजे भट्टीत फावड्याने कोळसा ढकलणारा. वर डेकवर मडमा वारा खात बसायच्या आणि खाली धाकू लंगोटीवर, काळाठिक्कर, घामाने निथळत ती बोट पुढे न्यायचा. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. मग मंदी आली, बोटी गोदीत उभ्या राहिल्या आणि साहेबाला कळलं की धाकूशिवायही बोट उभी राहू शकते. एकतीस साली तो कातळवाडीला परतला. बरोबर पत्र्याची ट्रंक, एक काळा कोट आणि साखळीचं एक घड्याळ.

घड्याळ मुंबईच्या चोरबाजारातलं. पहिल्याच पावसाळ्यात त्यात खारी हवा शिरली आणि ते सव्वाआठ वाजता थांबलं ते थांबलं. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, धाकूला आणि त्याच्या बायकोला, कमळाला. बाकीची वाडी त्याला पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर अडवून विचारी, "धाकूशेट, वाजले किती?" मग धाकू खिशातून घड्याळ काढी, झट् करून झाकण उघडी, हळूच डोळा वर करून सूर्य कुठे आहे ते बघी आणि गंभीरपणे सांगे, "दहाला पाच कमी."

"सूर्याला किल्ली द्यावी लागत नाय, ता एक बरा," कमळा घरात म्हणायची.

कातळवाडी म्हणजे डोंगराला पाठ लावून बसलेली सव्वीस घरं. पुढे वाळूची पुळण, मग माडांची रांग, मग गवती छपरांची घरं एकमेकांना चिकटून, आणि त्यांच्या डोक्यावर उतार. उतारावर पायऱ्यांसारख्या भाताच्या दळी, आणि सगळ्यांच्या वर सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ. शिमगा झाला की सड्यावरचं आणि उतारावरचं गवत कागदासारखं वाजायला लागतं. त्याच दिवसांत आम्ही किनाऱ्याची शहाणी माणसं हातात आग घेऊन त्या गवताच्या मधोमध जाऊन बसतो. त्याला भाजावळ म्हणतात. भाताची रोपं जिथे काढायची ती जमीन आधी भाजून घ्यायची. खाली शेण, त्यावर कवळ, म्हणजे तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, वरून माती, आणि मग काडी.

काडी कधी लावायची याचा कातळवाडीत एक रिवाज होता. सकाळी मतलई वारा असतो, डोंगराकडून समुद्राकडे. दुपारी खारा असतो, समुद्राकडून डोंगराकडे. दोघांच्या मध्ये एक घटका अशी येते की मतलई निजलेली असते आणि खारा उठलेला नसतो. भाजावळ पेटवायची ती त्या घटकेत. सगळ्या घरांनी एकाच दिवशी, प्रत्येक दळीवर चार माणसं हिरवे टहाळे घेऊन उभी. आग हातची सुटलीच तर मागून येणारा खारा तिला वर सड्याकडे नेतो, घरांकडे नाही. ती घटका कोणती हे येसूबाई सांगायची. सत्तरी उलटलेली म्हातारी. ओटीवर बसून माडांच्या झावळ्यांचे शेंडे बघायची. शेंडे लोंबले की म्हणायची, "पेटवा." एवढंच तिचं काम, आणि ते तिच्या सासूनेही केलेलं.

त्या वर्षी चार दिवस येसूबाई "पेटवा" म्हणालीच नाही.

"मतलई निजत नाय," ती म्हणायची. "थांबा."

वाडी थांबली. धाकू कसा थांबणार? अकरा वर्षं ज्याने साहेबाची भट्टी सांभाळली, त्याने दळीतली मूठभर आग पेटवायला एका म्हातारीची परवानगी काढायची, तीही झावळ्या बघून? आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. सगळ्यांबरोबर पेटवलं की सगळ्यांच्या दळीवर टहाळ घेऊन उभं राहावं लागतं. धाकूला ते काम कमीपणाचं वाटायचं. हात भाजायचे.

पाचव्या दिवशी सकाळी तो कोट घालून, घड्याळ लावून, आगपेटी घेऊन निघाला.

"येसूआये बोलली?" कमळाने विचारलं.

"बोटीवर भट्टी पेटवायला मी म्हातारीला विचारीत नव्हतो."

"बोटीवर तुमाला तरी कोन विचारीत होता?"

धाकूने घड्याळ काढलं, झाकण उघडलं, म्हणाला, "टायम झाला," आणि पाखाडी चढायला लागला.

त्याची दळी वाडीच्या अगदी डोक्यावर. भाजावळ रचून तयार होती. घड्याळ तापू नये म्हणून त्याने ते काढून गडग्यावर, म्हणजे दगडांच्या सुट्या भिंतीवर, एका खोबणीत नीट ठेवलं. मग काडी ओढली. पहिली विझली. दुसरी विझली. वाऱ्याने विझली, हे त्याच्या ध्यानात आलं; वारा कुठल्या बाजूचा, हे आलं नाही. तिसऱ्या काडीला त्याने हाताचा आडोसा केला, अंगठ्याजवळ चांगला चटका घेतला आणि पातेरा पेटवला.

पहिल्यांदा थोडा वेळ आग फार शहाण्यासारखी वागली. धाकू कमरेवर हात ठेवून बघत होता. वाडीतल्या लोकांना हे दिसायला हवं होतं असं त्याला वाटत होतं. तेवढ्यात मतलईने पेटत्या पातेऱ्याची एक ओंजळ उचलली आणि गडग्यापलीकडच्या गवतात टाकली. गवत हसल्यासारखं फुरफुरलं. धाकूने गडगा ओलांडून पायाने तुडवलं. तो तुडवत होता तिथे विझलं, बाकी सगळीकडे पेटलं. कोट काढून त्याने झोडायला सुरुवात केली, तर कोटच पेटला.

अकरा वर्षांत त्याने आग बघितली होती ती लोखंडी दारातून. दार ओढलं की आग आत, आपण बाहेर. दार नसलेली आग त्याने आज पहिल्यांदा बघितली.

वरून, सड्याच्या कडेवरून बोंब आली. "वणवा. वणवा आला रे, खाली उतरतोय. घरातली पोरंबाळं भायेर काढा." बाबल्याचा आवाज. बाबल्या महारवाडीतला. सड्यावर गवत कापायचा आणि भारे करून रत्नागिरीत टांगेवाल्यांना विकायचा. टांग्याची घोडी खात ते गवत आणि बाबल्याचं घर खाई ते त्याच्या विक्रीवर.

ती बोंब ऐकली आणि धाकू पळाला. इथे दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. पाखाडीने पळाला असता तर लोकांनी त्याला आगीकडून येताना बघितलं असतं, म्हणून काजीच्या झाडांतून आडवा पळाला, वाडीला वळसा घातला आणि पुळणीवर उतरून समुद्राच्या बाजूने वाडीत शिरला. धापा टाकत, पण योग्य त्या दिशेने.

वाडीत एकच गोंधळ. कुणी गुरं सोडतंय, कुणी देव्हारा उचलतंय, कुणी नुसतंच दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून आपल्याला काही सुचत नाही हे सांगतंय. उतारावरून धूर छपरांवर उतरत होता आणि त्याच्या पोटात लाल रेघ दिसत होती. धाकूच्या छातीत धडधडत होतं ते भीतीने. लोकांना तो जोश वाटला.

"आगवाला आला," कुणीतरी म्हणालं.

बस. त्या एका शब्दाने धाकूच्या अंगात अकरा वर्षं संचारली. तो गोठ्याच्या जोत्यावर चढला आणि बोटीवरच्या खलाशी भाषेत ओरडायला लागला. "हबेस" म्हणजे ओढा, "आरिया" म्हणजे सोडा. लोक ओढायला लागले. काय ओढायचं हे अजून ठरलं नव्हतं.

ठरवलं येसूबाईने. ओटीवरून न उठता ती म्हणाली, "गोदूचा छप्पर उतरवा. पयला घर ताच. ता पेटला तर पंचवीस पेटतील."

"गोदूबाईचा छप्पर, हबेस," धाकू तिच्या दसपट मोठ्याने ओरडला. त्यामुळे ही अक्कल धाकूची असं सगळ्यांनी कायमचं धरून चाललं.

गोदूबाई विधवा, एकटी. माघात नवं गवत घालून तिने छप्पर शाकारलेलं. ती उंबऱ्यावर बसून राहिली.

"माजाच का? तुजा उतरव," ती धाकूला म्हणाली.

"वैनी, तुमचा पुढं हाय."

"पुढं असला म्हनून काय पाप केला?"

तिला दोघींनी उचलून माडाखाली बसवलं आणि माणसं वाशांवर चढली. गवताचे पेंढे ओढून पुळणीकडे फेकायला लागली. वर बाबल्या आणि त्याच्या वाडीतली वीसेक माणसं, बाया धरून, आग आणि घरं यांच्या मध्ये उभी राहून टहाळ्यांनी झोडत होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांच्यातली एक बाई पाण्याला खाली आली तर बावीवरच्या बायका थबकल्या. कळशी हातात द्यायची की वरून ओतायची? त्या विचारात काही वेळ गेला. आग तेवढा वेळ थांबली नव्हती. धाकूने ते बघितलं. जोत्यावर उभा होता, सगळं दिसत होतं. पण तो "आरिया" ओरडण्यात फार गुंतला होता.

आणि मग मतलई निजली. धूर सरळ उभा राहिला, आग जागच्या जागी घुटमळली. घटकाभराने खारा उठला आणि त्याने आगीला आली तशी परत वर लोटली, तिनेच जाळलेल्या काळ्या जमिनीवर. तिथे तिला खायला काही उरलं नव्हतं. ती मेली. गोदूबाईचं उतरवलेलं छप्पर, दोन गोठे, चार घरांचा पेंढा आणि एक बकरी, एवढं गेलं.

वाडी वाऱ्याने वाचवली. आता वाऱ्याच्या हातात मानाचा नारळ कसा देणार? तो धाकूच्या हातात द्यायचा असं ठरलं.

घरी कमळाने विचारलं, "कोट कुटाय?"

"जळला. आग विझवताना."

हे तर खरंच होतं. खोटं बोलायचं ठरवलं असताना खरं तोंडातून निघाल्याने धाकू जरा गोंधळला.

"आनि घड्याळ?"

"ट्रंकेत."

कमळा उठली. ट्रंक उघडली. आत बघितलं. झाकण असं आपटलं की शेजारच्या घरातली कोंबडी उठली.  ती बोलली असती तर धाकूने भांडून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी देवळाच्या अंगणात गावकी बसली. बाबल्या आणि त्याची माणसं अंगणाच्या गडग्याबाहेर उभी. दादू गावकर, वाडीचा मुख्य, दोन मण वजनाचा आणि अर्धा शेर शंकांचा माणूस, नारळ घेऊन उठला.

"धाकू नसता तर आज आपन पुळनीवर उघड्यावर असतो," तो म्हणाला. "बोटीची विद्या वाडीच्या कामी आली."

धाकूने नारळ घेतला. नको म्हणावं असं त्याला वाटलं होतं, पण हात आधीच पुढे गेला होता.

"आता," दादू बसत म्हणाला, "आग लावली कुनी?"

"पयला कोन बोंबलला?" मागून कुणीतरी विचारलं.

"बाबल्या."

"मग झाला. त्याला पयली कशी काय दिसली?"

त्याला डोळे होते आणि ते उघडे होते, हा खुलासा गावकीला सुचण्यासारखा नव्हता. बाबल्या गडग्यापलीकडून म्हणाला, "सड्यावर गवत कापीत होतो, गावकरांनू. धूर दिसला तशी बोंब मारली."

"बिडी वडतोस ना?"

"वडतो."

"बघा."

गावकीत अशा वेळी काम फार लवकर होतं. बावीची पायरी पडली तेव्हा तीन वर्षं बोलणी चालली होती. बाबल्याचा निकाल पानाला चुना लावेपर्यंत लागला. सड्यावरचं गवत कापणं आजपासून बंद. आणि पावसाच्या आत त्याने आपलं खोपटं उठवून गावाच्या हद्दीबाहेर जायचं.

 बाबल्याने हात मागे घेतले, तेव्हा धाकूला ते दिसले. दोन्ही तळवे फोडांनी भरलेले, वर कसलासा पाला बांधलेला. धाकूच्या हातालाही एक फोड होता. तो आगपेटीच्या तिसऱ्या काडीचा.

नारळ एकदम जड लागायला लागला. धाकूने डोक्यात बेत केले. उद्या दादूला एकट्याला गाठून सांगू. नाहीतर पाऊस जवळ आला की सांगू, तोवर लोकांचा राग उतरेल. नाहीतर बाबल्याला गुपचूप मुंबईला कामाला लावून देऊ, कुणाला कळणारही नाही. मुंबईत स्वतः धाकूलाच काम उरलं नव्हतं, ही अडचण त्याला जरा उशिरा आठवली. बायकांच्या घोळक्यात कमळा उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती नारळाकडे बघत होती.

"दादू," धाकू उठून म्हणाला, "आग मी लावली."

 दादूचे डोळे भरून आले.

"बघा," तो लोकांना म्हणाला. "याला म्हनतात मन. दुसऱ्याचा गुना आपल्या अंगावर घेतोय."

"जग फिरून आलेला मानूस तो," कुणीतरी मान डोलावली.

"अरे, खरा सांगतो," धाकू म्हणाला. "येसूआये बोलायच्या आधी मी भाजावळ पेटवली. माजी आग, माजी काडी."

"बस, धाकू, बस. लय झाला."

"मी पळालो. पेटलेली टाकून पळालो, पुळनीवरनं आलो."

हे तर कुणालाच पटलं नाही. एक जण हसला सुद्धा. आयुष्यभर धाकू फुशारक्या मारत आला, त्या सगळ्या वाडीने मान डोलावत गिळल्या. आज पहिल्यांदा खरं बोलतोय तर ते घशाखाली उतरेना. चूक वाडीची नव्हती. खोट्याचीच सवय त्याने तिला लावली होती.

"माजा घड्याळ," धाकू कासावीस होऊन म्हणाला. "माज्या दळीच्या गडग्यावर, दगडाच्या खोबणीत हाय. जावा, बघून या."

दोन जण वर गेले. धाकू नारळ धरून उभा राहिला. ते परत आले, राखेने पाय काळे झालेले.

"घड्याळबिड्याळ काय नाय."

आता सगळेच हसले, प्रेमाने. दादूने धाकूचा दंड धरून त्याला खाली बसवलं.

"माज्याकडं हाय," गडग्यापलीकडून आवाज आला.

बाबल्याने कमरेच्या धडप्याची गाठ सोडली, घड्याळ काढलं आणि गडग्यावर ठेवून दोन पावलं मागे सरला. काच तडकलेली, साखळी काळी पडलेली.

"चोर," दोघंतिघं एकदम म्हणाले.

"चोराने असा आनून ठेवला असता?" धाकू पुन्हा उठला.

"मग काल का नाय दिलास रे?" दादूने बाबल्याला विचारलं.

"आग झोडताना गडग्यावर गावला. काल दिला असता तर आग आनि चोरी, दोन्ही माज्यावर आली असती. आज नुसती आग हाय."

"मग आता तरी कशाला काढलास?"

बाबल्याने जरा विचार केला. "धाकूशेट खोटे पडत होते," तो म्हणाला. "मला त्याची सवय हाय. त्यांना नाय."

दादू उठला. त्याने आधी घड्याळावर पाणी शिंपडलं, मग उचललं. त्यात पुरेसं पाणी आधीच शिरलेलं होतं, पण रिवाज तो रिवाज. त्याने झाकण उघडलं, घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं.

"सव्वाआठ," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "आगीत बंद पडलाय. सव्वाआठला आग लागली."

घड्याळ हातोहात फिरलं. ज्यांना वेळ वाचता येत नव्हती त्यांनीही बराच वेळ बघितलं. सव्वाआठ. जिवंत माणसाच्या शब्दावर जे बसलं नव्हतं ते मेलेल्या घड्याळावर बसलं. धाकूने तोंड उघडलं. ते गेल्या पावसाळ्यापासून सव्वाआठच दाखवतंय, हे सांगायला हवं होतं. खरं बोलायचंच आहे तर सगळंच बोलावं. तेवढ्यात त्याची आणि कमळाची नजर भेटली. तिने मान हलवली, अगदी जराशी. धाकूने जन्मात पहिल्यांदा वेळेवर तोंड मिटलं.

"सव्वाआठला मतलई भर उभी होती," येसूबाई आपल्या जागेवरून म्हणाली. "आनि मला घड्याळ काय सांगतोस, दादू? पयला धूर आला तो शेनाचा नि कवळाचा होता. गवताचा मागून आला. भाजावळीचा धूर मला कळत नाय काय?"

"मग आये, काल का नाय बोललीस?"

"ह्यो बोलतो काय ता बघत होते." तिने धाकूकडे बघितलं. "लय वेळ लावलास मेल्या."

आता शिक्षा. दादूने घसा साफ केला. वाडीचा रिवाज जुना होता, सगळ्यांना पाठ होता. ज्याच्या हातून आग सुटली त्याच्या घरात पुढच्या भाजावळीपर्यंत आग राहायची नाही. रात्री चूल विझवायची, आगपेटी गावकीकडे द्यायची आणि रोज सकाळी खापरी घेऊन दुसऱ्याच्या दारात निखारा मागायला जायचं. वर्षभर. शिवाय गोदूबाईचं छप्पर त्याने घालून द्यायचं.

"एवडाच?" धाकू म्हणाला.

"एवडाच म्हंजे?"

"बाबल्याला गावातनं उठवीत होतात. तीच आग. मला निखारा आनि त्याला हद्दीभायेर?"

"तुजी गोष्ट येगळी."

"काय येगळी?"

दादूने आभाळाकडे बघितलं, मग देवळाकडे, मग पायातल्या वहाणांकडे. "तू बस," तो म्हणाला.

धाकू उभाच राहिला. बाबल्याला कुणी काही म्हणालं नाही. गवत काप, असंही नाही आणि चुकलं आमचं, असं तर नाहीच. ओरडायला सगळ्यांकडे तोंड होतं. आता माना वळल्या, एवढाच निकाल. त्यावरून त्याने समजून घ्यायचं होतं. त्याने समजून घेतलं आणि माणसांना घेऊन गेला.

"माजा छप्पर खरा कोन घालनार?" गोदूबाईने विचारलं.

"मी घालतो, वैनी."

"तू नुसता बोंबलशील. कमळेला पाठव."

नारळ अंगणात तसाच पडला होता. मान कुणाचा हे ठरेना, म्हणून कुणी हात लावेना. शेवटी गोदूबाईने तो उचलून ओच्यात टाकला. तिला रात्री वाटणाला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू खापरी घेऊन निघाला. साहेबाची भट्टी सांभाळणारा आगवाला एका निखाऱ्यासाठी वाडीतून चालला होता आणि ओट्याओट्यावरून बायका अगदी सहज बाहेर येऊन उभ्या होत्या. प्रत्येक घरात निखारा होता. प्रत्येक घरात त्याच्याआधी "बस जरा, पळालास तो कसा पळालास ता सांग" हेही होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तो दादूच्या घरावरून गेला, येसूबाईच्या ओटीवरून गेला, शेवटच्या माडाच्याही पुढे गेला आणि महारवाडीत बाबल्याच्या दारात उभा राहिला. फार मोठ्या मनाने गेला असं त्याला स्वतःलाही म्हणता येईना. पाय तिकडे वळले त्यात निम्मी लाज होती, आणि निम्मं हे की तिथे गोष्ट सांगावी लागणार नव्हती. बाबल्याला ती ठाऊक होती.

बाबल्या हाताला पाला बांधत बसला होता. खापरी बघून त्याने वर वाडीकडे बघितलं. ओट्यांवरच्या बायका अजून उभ्या होत्या.

"आमच्या चुलीचा?" तो म्हणाला. "गाव काय बोलेल?"

"गावाने काल बोलून घेतला. वर्सभराचा."

बाबल्या आत गेला, चिमट्यात निखारा धरून आला आणि थांबला. धाकूच्या लक्षात आलं, तो खापरी जमिनीवर ठेवायची वाट बघत होता, म्हणजे वरून टाकता येईल. धाकूने ठेवली नाही. हातातच पुढे धरली. निखारा खापरीत पडला. 

"धाकूशेट," बाबल्या म्हणाला, "वाजले किती?"

धाकूने सवयीने खिशात हात घातला. तडकलेलं घड्याळ काढलं, झाकण उघडलं. सूर्याकडे बघणारच होता, तेवढ्यात त्याने बाबल्याच्या तोंडाकडे बघितलं. ते घड्याळ एक रात्र या माणसाच्या कमरेला होतं.

"सव्वाआठ," धाकू म्हणाला.

"मला वाटलाच," बाबल्या म्हणाला, आणि पाल्याची गाठ दाताने ओढली.

धाकू निघाला. दोन पावलं गेला आणि खापरीतला निखारा वाऱ्याने लाल झाला, एक ठिणगी उडून पायाशी विझली. दोन्ही बाजूंना खोपटी, त्यांवर सुकं गवत. त्याने मान वर करून शेवटच्या माडाच्या शेंड्यांकडे बघितलं. झावळ्या समुद्राकडे ताणलेल्या होत्या. मतलई अजून उभी होती.

तो परत फिरला आणि बाबल्याच्या अंगणातल्या दगडावर बसला. खापरीवर हात धरून, वरच्या सगळ्या ओट्यांना दिसेल असा. शेंडे लोंबायला अजून बराच वेळ होता.

"बसा," बाबल्या म्हणाला. "घाई काय हाय."